तोंडावरचं माणूस

विहिरीत उतरलेल्या माणसाला वरचं काही दिसत नाही. मान मागे टाकली तर आभाळाचा एक गोल तुकडा दिसतो आणि त्याच्या कडेला एक डोकं. ते डोकं ज्याचं, त्याला विहिरी खोदणारे लोक तोंडावरचं माणूस म्हणतात. खालून हाक आली की त्यानं वाकून बघायचं. दोराचा आकडा नीट बसला का, खालचा माणूस भिंतीला टेकून उभा राहिला का, हे पाहायचं आणि मग रहाटाकडे वळून ओरडायचं, "ओढ!" रहाट फिरवणाऱ्यांना खालचं काही दिसत नसतं. ते त्या एका आवाजावर जोर लावतात.

या घरात खाली आबा उतरायचे. रहाटाच्या एका दांड्याला आई असायची, दुसऱ्याला आत्या. तोंडावर आबांची लेक, ठकी.

ठकीचं कागदावरचं नाव वेगळं होतं. लहानपणी बाहुलीसारखी जिथे ठेवाल तिथे बसून राहायची, म्हणून आत्यानं ठकी म्हणायला सुरुवात केली. आता ती आत्यापेक्षा वीतभर उंच झाली होती आणि आवाज असा खणखणीत की शेजारच्या मळ्यातली कुत्री मान वर करायची. पण ठकीची ठकीच राहिली.

तोंडावरचं काम दिसायला सोपं. खरं तर त्यात काम थोडं आणि थांबणं फार. आबा खाली पहारीनं खडक उचकटणार, घणानं फोडणार, डबर टोपलीत भरणार, मग हाक देणार. तोवर वरच्या माणसानं काय करायचं? दोराकडे बघत बसायचं. आई आणि आत्या त्या वेळात पाठ टेकायच्या, पाणी प्यायच्या, जगाची उणीदुणी काढायच्या. तोंडावरच्या माणसाला तीही मुभा नव्हती.

त्या रिकाम्या वेळात ठकीच्या मांडीवर मोबाइल आला.

आधी नुसते व्हिडिओ होते. मग तिला तो खेळ सापडला. पाच जणांची टोळी, समोर दुसरी टोळी, पडक्या घरांतून लपतछपत लढायचं. टोळीतल्या कुणालाच तिनं पाहिलेलं नव्हतं. एक कुठेतरी दुकानात बसायचा, एक कॉलेजात होती, दोघं काय करतात ते ठाऊक नव्हतं. पण थोड्याच काळात ते चौघं ठकीला कप्तान म्हणायला लागले. ठकीनं 'डावीकडून जा' म्हटलं की डावीकडून जायचे, 'थांब' म्हटलं की थांबायचे. घरात तिचा शब्द रहाटापुरता होता. तिकडे तिच्या शब्दावर लढाया जिंकल्या जात होत्या.

"झोपलं का गं तुझं लेकरू?" आत्या विचारायची. मोबाइल सतत मांडीवर, म्हणून ते लेकरू.

"आत्या, गप की जरा."

"बघ हं, रडलं तर दूध पाजावं लागेल."

आई हसायची नाही. ती बघत होती. पोरीच्या डोळ्यांच्या कडा सकाळीच लाल असायच्या. अंघोळीला गेली की मोबाइल खिडकीत ठेवलेला असायचा, तिथून खेळाचा आवाज येत राहायचा. चहाचा कप हातात दिला की ठकीचा अंगठा कपावरच वरखाली सरकायचा. तिला स्वतःला ते कळतसुद्धा नसे. "अगं, कप आहे तो," आई म्हणायची, की ठकी दचकून बघायची आणि तिलाच हसू यायचं.

उन्हाळा हा या घराचा हंगाम. सगळीकडच्या विहिरींचं पाणी खाली गेलेलं असतं, लोक त्या आणखी खोल करून घेतात. पाऊस सुरू झाला की विहिरीत उतरता येत नाही, काम संपलं. या वर्षी काम एका म्हातारीच्या मळ्यात होतं. तिनं लिंबांची नवी रोपं लावली होती आणि विहीर कोरडी पडली होती. ती रोज भर उन्हात काठी टेकत यायची, काठावर उभी राहायची आणि एकच प्रश्न विचारायची.

"ओल लागली का?"

"लागेल, काकू," आबा खालून म्हणायचे.

"रोपं वाळली की लागून काय उपयोग? पलीकडच्या मळ्यात बोअरचं यंत्र आलंय. मी त्याला सांगू का, तेवढं बोला."

"यंत्राला विचारा, तुमच्याशी एवढ्या गोडीनं बोलतं का ते."

म्हातारी तोंड वाकडं करायची, पण जाताना हसायची. तरी ते यंत्र पलीकडे घरघरत होतं आणि त्याचा आवाज सगळ्यांच्या कानावर होता.

त्या दिवशी आबांना खाली एक मोठा धोंडा लागला. टोपलीत मावणारा नव्हता. त्याला साखळीचा वेढा घालून तसाच वर घ्यायचा होता. आबा गुडघ्यावर बसले, धोंड्याखालून साखळी सारायला लागले. अशा कामाला वेळ लागतो.

वर ठकीचा डाव रंगात आला होता. टोळीतला दुकानवाला जखमी होऊन उघड्यावर पडला होता. कॉलेजातली त्याच्या अगदी जवळ होती. नुसतं त्याला भिंतीआड घ्यायचं होतं, आणि ती गोंधळून जागच्या जागी फिरत होती.

"अगं ओढ त्याला," ठकी पुटपुटली. "ओढ ना!" आणि मग तिच्या नकळत तिचा तो खणखणीत आवाज सुटला. "ओढ!"

आईनं आणि आत्यानं दांड्यावर जोर लावला.

साखळी ताणली. धोंडा हलला, एका अंगावर उचलला गेला, निसटला आणि परत बसला. खालून जो आवाज आला तो हाकेचा नव्हता.

आबांना वर आणलं तेव्हा त्यांनी उजवा हात बगलेत दाबून धरला होता. चेहरा पांढरा पडला होता. दोन बोटं चेचली होती, एकाचं नख उलटलं होतं. आईनं डोक्याचं फडकं सोडून हाताला गुंडाळलं. ते भिजत गेलं.

"मी हाक दिली नव्हती," आबा म्हणाले.

"मला वाटलं, खालून आवाज आला," ठकी म्हणाली.

आत्या अजून दांडा धरूनच उभी होती. "खालून नाही आला," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून आला. तुझ्या शब्दावर आम्ही दोघींनी त्याचा हात चेचला."

ठकीच्या मांडीवरून मोबाइल मातीत पडला होता. त्यातून कुणीतरी विचारत होतं, "कप्तान? कप्तान, आहेस का?"

आबांनी वाकून, डाव्या हातानं तो उचलला. आई म्हणाली, "टाका विहिरीत." त्यांनी पडद्यावरची माती बोटानं पुसली आणि तो ठकीच्या हातात दिला.

"हे काय विचारतायत बघ तुला," ते म्हणाले. एवढंच.

ठकीला वाटलं, त्यांनी तो विहिरीत टाकला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी हात बांधला आणि घण धरायचा नाही म्हणून बजावलं. संध्याकाळी आईनं आबांना भरवायला घास उचलला तर ते म्हणाले, "डावा हात आहे अजून," आणि डाव्या हातानं जेवताना अर्धं अंगावर सांडलं. ठकी बघत होती. ती ताटावरून उठली नाही आणि जेवलीही नाही.

"काम सोडायचं का मग?" आईनं विचारलं.

"सोडलं तर म्हातारी उद्याच यंत्र बोलावेल. आणि एकदा या मळ्यात यंत्र आलं की पुढच्या उन्हाळ्यात आपल्याला कोण विचारतंय?"

"मी उतरते, दादा," आत्या म्हणाली.

"तुझे गुडघे उतरतील का?" आबांनी ठकीकडे बघितलं. "ठकी उतरेल. तोंडावर मी."

आईच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. "ती? खाली?"

"अंगात ताकद आहे तिच्या. घण मारायला शिकलेली आहे." मग म्हणाले, "आणि तोंडावर मी तिला उभी करणार नाही. सध्या तरी नाही."

ते रागावून म्हणाले असते तर ठकीनं काहीतरी उत्तर दिलं असतं. ते मीठ वाढ म्हणावं तसं बोलले. ठकीचं तोंड कानापर्यंत तापलं.

सकाळी ती टोपलीत पाय ठेवून दोराला धरून खाली गेली. गोल आभाळ लहान होत गेलं. तळाशी गारवा होता, ओल्या दगडाचा वास होता. सवयीनं हात कमरेला गेला. तिनं मोबाइल बरोबर आणला होता. बघितलं तर रेंज नव्हती. पडद्यावर टोळीतल्या चौघांची नावं करडी पडली होती.

तिनं घण उचलला.

पहिल्या तासाभरात तळहात सोलवटले. डोळ्यांत कच जात होती. आबा वर्षानुवर्षं असं करतात हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. तिनं आबांचा खोकला वरून ऐकला होता. इथे, तळाशी, खोकल्याचं कारण तिच्या नाकातोंडात जात होतं. आणि वरचा प्रत्येक आवाज खाली येत होता. आईचं बोलणं, आत्याचं हसणं, म्हातारीची काठी, कुणी खडा लाथाडला तर तोसुद्धा. शब्द नीट कळत नव्हते, नुसते घुमत होते. कुणीही बोललं तरी आपल्यालाच बोलतंय असं वाटायचं.

धोंडा अजून तिथेच होता. तिनं त्याच्याखालून साखळी सारली, आकडा अडकवला, हातानं हलवून बघितला. भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"ओढ!"

वरून काही नाही.

धोंड्याखालून मुरूम सुटला आणि घरंगळत तिच्या पायाशी आला. भिंत पाठीला टोचत होती. मागे सरकायला जागा नव्हती.

"ओढ! आबा!"

कडेला डोकं नव्हतं. नुसतं आभाळ होतं. वर म्हातारीचा आवाज घुमत होता. 'ओल' एवढाच शब्द तिला कळला.

"आबाऽ!" ती किंचाळली.

डोकं आलं. "हां, हां! आलो! ओढ!"

धोंडा उचलला गेला, गिरक्या घेत वर गेला, आभाळ झाकलं, मग पुन्हा मोकळं झालं. दोर परत आला तेव्हा ठकी घणासकट टोपलीत बसली आणि वर आली. काठावर पाय टेकल्या टेकल्या तिचा बांध फुटला.

"कुठे होतात? मी तीनदा हाक दिली! धोंडा सुटला असता तर?"

आबांनी म्हातारीकडे बघितलं, मग ठकीकडे. "काकू काहीतरी विचारत होत्या. मान वळली माझी."

"मान वळली?"

"चुकलो," आबा म्हणाले.

आत्या मध्ये बोलायला गेली, "अगं, काल तू..." आबांनी बांधलेला हात वर केला तशी ती गप्प झाली.

ठकीला कालचं आठवलं. तिला वाटलं होतं, आबा आता तेच काढतील. ते काढत नव्हते. ते पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरून उभे होते. ती घटाघट पाणी प्यायली. थोडं अंगावर ओतून घेतलं. मग दगडावर बसली आणि तळहातात रुतलेली कच काढायला लागली.

"आबा, आपली हाकच कच्ची आहे," ती म्हणाली.

"घ्या!" आत्या म्हणाली. "एक दिवस खाली गेली आणि शिकवायला लागली."

"बोलू दे तिला," आबा म्हणाले.

"खालच्यानं पण 'ओढ' म्हणायचं, वरच्यानं पण 'ओढ' म्हणायचं. कोण कुणाला म्हणतंय ते कळतच नाही. तुम्ही म्हणालात की ह्या आजी म्हणाल्या, की..." ती अडखळली. "की मी खेळात म्हणाले. आमच्या टोळीत सुरुवातीला असंच व्हायचं. मी नुसतं 'मागे बघ' म्हटलं की चौघंही मागे बघायचे आणि पुढून मार खायचे. मग मी ठरवून टाकलं. ज्याला सांगायचं त्याला आधी हाक मारायची, मग काम सांगायचं. ज्याचं नाव आलं नाही त्यानं हलायचं नाही."

पलीकडचं यंत्र घरघरत होतं.

"म्हणजे मी खालून म्हणायचं, 'ठकी, ओढ,'" आबा म्हणाले.

"हो. आणि तोंडावरच्यानं म्हणायचं, 'आई, आत्या, ओढा.' आपलं नाव आल्याशिवाय ह्यांनी दांड्याला जोर द्यायचा नाही. मग कुणी शेजारून कितीही ओरडो."

"माझ्या बापाच्या बापापासून नुसतं 'ओढ' चालत आलंय," आबा म्हणाले.

"त्यांच्या काठावर एवढी बडबड नसेल."

आत्या फसकन हसली. म्हातारी म्हणाली, "मला बोलते का गं ही?"

"तुम्हालाच, काकू," आबा म्हणाले. "आणि मलाही." ते ठकीकडे वळले. "चांगलं आहे. आजपासून असंच. पण त्या खेळात तुला हे सुचतं आणि इथे काठावर बसून सुचत नाही, असं का?"

तिनं खरं तेच सांगितलं. "तिकडे मी पूर्ण असते. इथे अर्धी."

दुसऱ्या दिवशी खाली उतरण्याआधी तिनं मोबाइल आत्याच्या हातात ठेवला. आत्यानं तो पिशवीत टाकला. "हे बघ, मी काही हिसकावून घेतलेला नाही," ती म्हणाली. "मागशील तेव्हा देईन. उगाच मला खडूस म्हणू नकोस."

दुपारी ठकीनं मागितला. आत्यानं दिला. ठकी जेवणाचा डबा न उघडता झाडाखाली बसली आणि सगळ्यांचे हात धुऊन झाले तरी तिचा डाव संपला नव्हता. उपाशीच खाली गेली. घण मारताना चक्कर आली, भिंतीला धरून बसावं लागलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मागितला नाही, पण दिवसभर सगळ्यांवर खेकसत होती. आईनं पाणी दिलं तरी खेकसली. वर आल्यावर पिशवीभोवती घुटमळत राहिली. आत्या दुसरीकडे बघत बसली होती. आपण बघत नाही असं दाखवणं तिला मुळीच जमत नव्हतं.

टोळीला ठकीनं संध्याकाळी सांगितलं, "दिवसा मी येणार नाही. काम असतं."

"मग कप्तान कोण?" दुकानवाल्यानं विचारलं.

"तू हो."

तो खूप शिव्या देत राहिला. ठकीला ते लागलं. चार दिवसांनी तिची कुणाला आठवणही राहणार नाही, हे तिला त्या शिव्यांतच ऐकू आलं.

खड्डा खाली जात होता. एका सकाळी पहारीच्या टोकाला ओला मुरूम चिकटून आला. ठकीनं तो मुठीत दाबला. मूठ ओली झाली. म्हातारीला दाखवला तर तिनं तो नाकाशी नेला आणि प्रश्न विचारायची विसरली.

आबांच्या हाताची पट्टी निघाली. बोटं वाकडी राहिली होती, पण घणाच्या दांड्यावर बसत होती. आता तळाशी झरे मोकळे करायचे होते. ते काम नाजूक, खडकाची नस बघून छिन्नी लावायची. ते आबांशिवाय कुणाला येत नव्हतं.

सकाळी काठावर सगळे जमले. आत्या आपणहून तोंडाकडे निघाली. आबांनी तिला थांबवलं आणि ठकीला विचारलं, "तू उभी राहतेस?"

ठकीनं होच म्हणायला पाहिजे होतं. ती याच प्रश्नाची वाट बघत होती. पण आदल्या संध्याकाळी तिला 'एकच डाव' म्हणून बोलावणं आलं होतं, आणि तो एकच डाव संपला तेव्हा बाहेर पाखरं बोलायला लागली होती. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होत होतं. डोक्यात अजून कुणीतरी धावत होतं.

"आज नको," ती म्हणाली.

"का?"

"आज माझं डोकं तिकडं आहे."

आत्यानं कपाळाला हात लावला. "अरे देवा. एवढं करून..."

"आज आत्या तोंडावर," आबा म्हणाले. "ठकी दांड्याला." ते टोपलीत चढले. त्यांचा चेहरा नाराज नव्हता. उलट बऱ्याच दिवसांनी त्यांच्या खांद्यांतला ताण गेलेला दिसला. आईला त्याचं नवल वाटलं.

दुपारी तिनं विचारलंच. "पोरगी नको म्हणाली आणि तुम्हाला बरं वाटलं?"

"मग? हो म्हणाली असती तर मी काय ओळखणार होतो?" आबा म्हणाले. "डोकं कुठे आहे ते तिलाच ठाऊक. ते ती सांगायला लागली. आता मी डोळे मिटून उतरेन."

ठकी दांड्याला टेकून ऐकत होती. तिनं ऐकल्याचं दाखवलं नाही. त्या संध्याकाळी घरी येईपर्यंत मोबाइल आत्याच्या पिशवीतच राहिला, आणि घरी आल्यावरही. दिवेलागणीला ठकी आडवी झाली ती मेल्यासारखी झोपली. आईनं दोनदा येऊन श्वास बघितला.

सकाळी आबांनी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आज उभी राहते."

आबा खाली गेले.

काठावर ठकी बसली. मांडी रिकामी होती. वेळ जाता जात नव्हता. अंगठा दोराच्या पिळावर दोनदा सरकला; तिनं तो दुसऱ्या हातानं धरला. मग तिनं ऐकायला घेतलं. छिन्नीचे ठोके आधी कोरडे होते. हळूहळू त्यांच्यात चुबुक असा आवाज मिसळायला लागला. मग ठोके थांबले, डबर टोपलीत पडायला लागलं. एक दगड, दुसरा, मग लहान खड्यांची सळसळ.

"ओढ!"

आवाज घुमला. आत्यानं दांड्याला छाती लावली.

"थांब!" ठकी ओरडली. "आत्या, थांब! आपली हाक नाही."

"अगं 'ओढ' म्हणाला की!"

"तुझं नाव मी घेतलं का?"

मळ्याच्या दुसऱ्या टोकाला म्हातारी एका गड्याला पाण्याचा पाइप ओढायला सांगत होती. "ओढ, ओढ! जेवला नाहीस का?" वारा तिकडून इकडे वाहत होता.

ठकीनं वाकून पाहिलं. खाली आबा घोटाभर पाण्यात ओणवे उभे होते. दोन्ही हात कोपरापर्यंत टोपलीखाली, बसलेला दगड मोकळा करत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. तिनं कडेचा दगड घट्ट धरला आणि काही न बोलता बघत राहिली. दगड निघाला. आबांनी हात बाहेर काढले, पाण्यात धुतले, आकडा हलवून पाहिला, सावकाश भिंतीला जाऊन टेकले.

"ठकी, ओढ."

"आई, आत्या," ठकी म्हणाली, "ओढा."

रहाट कुरकुरला. टोपली झोके घेत वर निघाली आणि तिच्या बुडातून गळणारं पाणी आबांच्या डोक्यावर पडलं. खालून त्यांचं हसणं घुमत वर आलं.